हाफेकर मास्तरांची चुकार गोळी

नोव्हेंबरात क्लबाची नेमबाजीची हिवाळी स्पर्धा सुरू झाली आणि एल्वूड हाफेकर मास्तरांची पाचांतली एक गोळी भलतीकडे जाऊ लागली. चार गोळ्या काळ्या वर्तुळात शहाण्यासारख्या शेजारी शेजारी बसत आणि पाचवी कागदाच्या कोपऱ्यात, जिथे छापखान्याचं नाव असतं तिथे, भोक पाडून जाई. कधी एखाद्या फेरीत पाचही नीट बसत आणि मास्तरांच्या जिवात जीव येई, पण पुढच्याच फेरीत पुन्हा तेच. यात दोष कुणाचा याबद्दल क्लिंगर्सबर्गच्या रॉड अँड गन क्लबात दोन मतं होती. मास्तरांचं मत, दोष गोळीचा. उरलेल्या क्लबाचं मत, दोष मास्तरांचा. उरलेला क्लब हे तोंडावर बोलत नसे, कारण त्यातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी आठवीत बीजगणित शिकवलं होतं आणि बऱ्याच जणांना नापास केलं होतं. ते फक्त मान डोलावत आणि म्हणत, "होतं असं." या "होतं असं"ची मास्तरांना भयंकर चीड होती.

चीड येण्याचं खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील याच वयाचे असताना त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. आधी शर्टाचं गळ्याचं बटण लागेना, मग सही जमेना, मग काहीच जमेना. मास्तर रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर गळ्याचं बटण लावून बघत. बटण लागत होतं. पण गोळी चुकत होती. दोष गोळीचा निघाला तर प्रश्नच मिटला. नाही निघाला तर तो कुणाचा हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो गोळीचा निघणं अत्यंत आवश्यक होतं, आणि यातलं अवाक्षरही बायकोला, व्हर्नाला, कळता कामा नये असा त्यांचा निश्चय होता.

गोळीवर संशय घ्यायला जागाही होती. मास्तर तयार काडतुसं विकत घेत नसत. ते त्यांना हॉटेलात बसून उकडलेलं अंडं मागवण्याइतकं उधळपट्टीचं वाटे. त्यांच्या तळघरात लांब दांड्याचं एक लोखंडी यंत्र होतं. क्लबातून उडालेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, त्या घासूनपुसून त्यांत पुन्हा दारू भरायची, तोंडाशी शिशाची नवी गोळी दाबून बसवायची, की झालं काडतूस तयार. या सगळ्यात यंदा बदलली होती ती एकच गोष्ट, गोळी. इतकी वर्षं पलीकडच्या खोऱ्यातला ओटो फेटरॉल्फ शिसं ओतून गोळ्या करून देई, जुन्या वर्तमानपत्रात बांधून, अगदी स्वस्तात. मऊ, करड्या, नखाने ओरखडा उठेल अशा गोळ्या. तो यंदा साचे भंगारात देऊन मुलीकडे फ्लोरिडाला निघून गेला. मास्तरांनी त्याला निरोपाचं कार्ड पाठवलं, त्यात शुभेच्छा कमी आणि चौकशा जास्त होत्या. ओटोचं उत्तर आलं नाही.

तेव्हा आता स्वस्त आणि चांगली गोळी शोधणं आलं. क्लबात ही गोष्ट उच्चारायची खोटी, सल्ल्यांचा पाऊस पडला. पहिला सल्ला अर्थातच लमार किस्लरचा. लमार हा मास्तरांचा कुंपणापलीकडचा शेजारी, क्लबाच्या संघाचा कप्तान, आणि ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही त्यावर सर्वांत आधी बोलणारा माणूस.

"कडक गोळी घे, एल्वूड," लमार म्हणाला. "नख उमटलं तर ती गोळी नाही, लोणी आहे. ओटोचं लोणी संपलं, आता जरा माणसात ये."

"पण कडक का?" मास्तरांनी विचारलं. त्यांना कुठल्याही गोष्टीचं 'का' कळल्याशिवाय अन्न गोड लागत नसे.

"का म्हणजे? कडक ती चांगली! मऊ बिछाना चांगला असतो, गोळी नाही."

बाकीच्यांचंही हेच म्हणणं. गोळी कडकच हवी. बूड सपाट हवं की किंचित निमुळतं, वर वंगणाचं मेण निळं हवं की लाल, यावर मात्र हातघाईवर येण्याइतके मतभेद होते. चौकशीअंती मास्तरांना असं आढळलं, की प्रत्येकजण जी गोळी सर्वोत्तम म्हणून सांगतो त्याच गोळीचा एक उघडलेला डबा त्याच्या गाडीच्या डिकीत पडून असतो आणि तो मास्तरांना अर्ध्या किमतीत द्यायला तयार असतो. मास्तरांनी निळ्या मेणाची घेतली. चार गोळ्या वर्तुळात, एक छापखान्याच्या नावावर. लाल मेणाची घेतली. तेच. रंगाचा लेप दिलेल्या, लिमलेटच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या घेतल्या. त्याही तशाच.

"तू ते सहाबारी रिव्हॉल्वर सोडून दे आणि आमच्यासारखं ऑटोमॅटिक पिस्तूल घे," लमार एका मंगळवारी म्हणाला. संघात रिव्हॉल्वरवाले आता एकटे मास्तरच उरले होते. मग आवाज उतरवून तो पुढे म्हणाला, "हे बघ, राग मानू नको. मार्चात बेअर क्रीकच्या क्लबाशी शेवटचा सामना आहे. मागच्या वर्षी आपण हरलो, म्हणून आपल्याला त्यांच्यासाठी डुकराचं मटण आणि आंबट कोबी रांधावा लागला. रांधणारी ब्यूला अजून त्या पातेल्याबद्दल बोलते. फेब्रुवारीच्या सभेपर्यंत बघू. नाहीतर मग तुझ्या जागी तो दंतवैद्य आहेच."

"दंतवैद्य!" मास्तर म्हणाले.

"त्याचा हात स्थिर आहे रे," लमार सहज बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी गळ्याचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं.

आता स्वतःच गोळ्या ओतायच्या असं ठरलं. पैसे देऊन दुसऱ्याची चूक विकत घेण्यापेक्षा आपली चूक फुकटात केलेली काय वाईट, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. लमार लगेच भागीदार झाला. मोटारीच्या चाकाचा तोल साधायला काठाला जी छोटी वजनं ठोकतात ती शिशाची असतात, आणि गॅरेजवाले ती बादलीभर फुकट देतात. हल्ली त्यांत काही जस्ताचीही असतात, दिसायला सारखीच. एक जरी पातेल्यात गेलं तरी सगळं शिसं नासतं. म्हणून एकेक निवडून घ्यावं लागतं.

"मी टायरच्या दुकानात जन्म काढलाय," लमार म्हणाला. "मला शिसं वासावरून कळतं."

व्हर्नाने हा कारखाना घराच्या भिंतीपासून लांब, मागच्या आवारात, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि तिची कुठलीही वस्तू न वापरता चालवायची परवानगी दिली. लमारने वासावरून शिसं निवडलं. मास्तरांनी चष्म्यावर चष्मा चढवला, हातमोजे घातले, शेगडी पेटवली. वजनं वितळेपर्यंत सगळं छान होतं. मग त्यांवरचं वर्षानुवर्षांचं ग्रीस पेटलं, लमारने मळी वर यावी म्हणून त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकला, आणि आवारातून असा काळा धूर निघाला की समोरच्या बाईंनी अग्निशमन दलाला फोन केला.

क्लिंगर्सबर्गचं अग्निशमन दल हौशी आहे. म्हणजे भोंगा वाजला की जो तो हातातलं काम टाकून बंबाकडे धावतो. त्या दलातली बहुतेक मंडळी क्लबातलीच असल्यामुळे बंब घंटा वाजवत आला आणि त्यातून अर्धी हिवाळी स्पर्धा खाली उतरली. दलाचा प्रमुख डेरेल श्नेक हा मास्तरांचा विद्यार्थी, आठवीत दोनदा बसलेला.

"मिस्टर हाफेकर, आग कुठंय?" डेरेलने नळी सावरत विचारलं.

"आग नाही, डेरेल. शिसं आहे."

डेरेलने पातेल्यात डोकावून पाहिलं. वर गोळे गोळे झालेली, घट्ट, करडी लापशी तरंगत होती. "सर, हे शिसं नाही. हे ओटमील आहे. यात जस्त गेलंय."

सगळ्यांनी लमारकडे बघितलं. लमार बंबाच्या चाकांकडे बघू लागला.

खरं तर इथे दलाचं काम संपलं होतं. पण लापशीभोवती कोंडाळं जमलं आणि गोळी मऊ हवी की कडक हा विषय निघाला. हेल्मेट घातलेला माणूस या विषयावर जास्तच ठामपणे बोलतो असं मास्तरांच्या लक्षात आलं. शेवटी व्हर्नाने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावून काकवीची गोड पेस्ट्री, शूफ्लाय, कापली, कारण आल्यागेल्याला रिकाम्या पोटी पाठवणं तिच्या माहेरी शिकवलेलं नव्हतं. जाताना डेरेलने अहवालाचा कागद काढला.

"सर, आग नसली तरी बंब निघाला की कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"आग नव्हती तर आगीचं कारण कसं असेल?" मास्तर म्हणाले. "विचार कर, डेरेल. हे तू आठवीतही केलं नाहीस."

डेरेलने विचार केला आणि कारणाच्या रकान्यात 'कुतूहल' असं लिहिलं. हा शेरा पुढे क्लबात बरेच दिवस चालला. मास्तर आले की कुणीतरी नाक वर करून धुराचा वास घेई.

पण कुतूहल अशाने विझत नसतं. क्लबाच्या तळघरातल्या चांदमारीच्या भिंतीमागे, वर्षानुवर्षं झाडलेल्या गोळ्यांचा ढीग साठला होता. अस्सल शिसं, घरचंच. मास्तर बादली घेऊन गेले तर वाटेत ब्यूला उमहोल्ट्झ उभी. ब्यूलाबाई म्हणजे क्लबाच्या सचिव. सभेच्या नियमांचं पुस्तक त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या जागी असे.

"एल्वूड, ते शिसं क्लबाचं आहे."

"ब्यूला, त्यातलं निम्मं मीच झाडलंय."

"झाडलंस तेव्हाच तुझा हक्क संपला. हवं असेल तर ठराव मांड. अनुमोदक आण. अध्यक्षांमार्फत बोल."

जानेवारीच्या सभेत ठराव आला. मास्तरांनी अध्यक्षांमार्फत असं सांगितलं, की त्या ढिगात त्यांचं योगदान इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे. मागून कुणीतरी, अध्यक्षांना वगळून, म्हणालं, "हल्ली ढिगापेक्षा भिंतीत जास्त आहे!" हशा थांबायला वेळ लागला. छपराच्या दुरुस्तीसाठी ते शिसं विकावं अशी उपसूचना आली, उपसूचनेला दुरुस्ती आली, दुरुस्ती तहकूब झाली, आणि अखेर एक बादली शिसं प्रयोगासाठी देऊन सर्व प्रकरण 'शिसे समिती'कडे सोपवावं असं ठरलं. समितीचे अध्यक्ष मास्तर, सदस्य लमार, सचिव ब्यूलाबाई. एका बादलीसाठी मास्तरांना समितीच्या दोन बैठका घ्याव्या लागल्या. एका बैठकीत फक्त आधीच्या बैठकीचा वृत्तांत संमत झाला.

या वेळी मात्र गोळ्या झकास उतरल्या. लमारने साच्यातली गरम गोळी लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची युक्ती काढली. त्याने गोळी इतकी कडक होई की टेबलावर टाकली तर टणत्कार उठे. "आता उमटव नख!" लमार म्हणाला. मास्तरांनी प्रयत्न केला आणि नख दुखावून घेतलं.

आता मास्तरांपाशी सहा जातींच्या स्वस्त गोळ्या जमल्या होत्या आणि त्यांच्यातल्या गणिताच्या शिक्षकाने उचल खाल्ली. सगळ्यांची एकदा रीतसर परीक्षा घ्यायची. हात वाळूच्या पिशवीवर टेकवून बार काढायचे, म्हणजे हाताचा संबंध राहणार नाही. हे वाक्य मनात तयार झालं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही आलं. पिशवीवर टेकूनही सगळ्याच जाती भरकटल्या तर? दोन मंगळवार त्यांनी काहीतरी निमित्त काढून घालवले. शेवटी कुतूहलच भीतीवर भारी पडलं. त्यांच्या आयुष्यात ते नेहमीच भारी पडत आलं होतं.

"पण भरल्यावर गोळी कुठली ते ओळखू कशी येणार?" त्यांनी व्हर्नाला विचारलं. सहा जाती सारख्याच पुंगळ्यांत बसल्या की सगळ्या बहिणी बहिणी दिसत.

व्हर्नाने नखांना लावायच्या रंगाच्या बाटल्या आणून ठेवल्या. "एकेकीच्या नाकावर ठिपका दे. आणि रिव्हॉल्वरच्या चक्रात सहा घरं आहेत ना? प्रत्येक रंगाला आपलं घर ठरवून दे. माझ्या मावशीच्या खानावळीत असंच होतं. ज्याची खोली त्याला, मग भांडण नाही."

मास्तरांना ही व्यवस्था फारच आवडली. एरवी स्पर्धेत पाचच बार असतात. सहा घरांतलं कुठलंतरी एक रिकामं राहतं, आणि कुठलं ते कुणी बघत नाही. आता मात्र प्रत्येक घरावर रंगाचा ठिपका, प्रत्येक रंगाला कागदावर वेगळं वर्तुळ. लाल घरातली लाल गोळी लाल वर्तुळात. असं चक्र भरायचं, झाडायचं, पुन्हा भरायचं.

निकाल डोळे दिपवणारा होता. पाच वर्तुळांत भोकं एकमेकांना चिकटलेली, आणि हिरव्या वर्तुळात नुसता गोंधळ. एक गोळी वर, एक खाली, एक थेट शेजारच्या वर्तुळात पाहुणी. हिरवी म्हणजे क्लबाच्या शिशाची, लमारने बर्फात बुडवलेली. मास्तर तो कागद धरून उभे राहिले आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की क्षणभर त्या दमट अंधाऱ्या तळघरावरही त्यांचं प्रेम बसलं. दोष गोळीचा होता! हाताचा नव्हता, गोळीचा होता!

आनंदात माणूस जरा जास्तच बोलतो. फेब्रुवारीच्या सभेत मास्तरांनी कागद भिंतीवर लावला, हातात छडी घेतली, आणि क्लबाचं शिसं कसं निकृष्ट आहे, ओतणारा कसा बेफिकीर आहे, हे अध्यक्षांमार्फत साग्रसंगीत सिद्ध केलं. लमारचा चेहरा आधी गुलाबी आणि मग बीटासारखा झाला.

"म्हणजे माझ्या गोळ्या वाईट?"

"आपल्या," मास्तर म्हणाले.

"आत्ता तर 'ओतणारा' म्हणालास! ओतत कोण होतं? मी! तू नुसता चष्मे घालून उभा होतास!"

"लमार, अध्यक्षांमार्फत," ब्यूलाबाई म्हणाल्या.

"अध्यक्षांमार्फत याला सांगा की हा माणूस कृतघ्न आहे!" असं म्हणून लमार उठून गेला. सर्व शिसं भंगारवाल्याला विकावं असा ठराव संमत झाला. पुराव्याकडे बघून बहुतेक सगळ्यांनी हात वर केले, आणि दंतवैद्याचं नाव कुणी काढलंच नाही. मास्तरांनी विनय म्हणून मत दिलं नाही.

रात्रीत बर्फ पडलं. एरवी लमार आपलं बर्फ फेकायचं यंत्र घेऊन स्वतःची पायवाट साफ करी आणि तसाच पुढे मास्तरांचीही करून टाकी. त्या सकाळी यंत्र कुंपणाच्या रेषेपाशी आलं, थांबलं आणि माघारी वळलं. मास्तरांनी खिडकीतून ते पाहिलं आणि मुकाट्याने फावडं घेतलं. पाठ भरून आली, पण मन ताजं होतं. आता फक्त उरलेल्या पाचांतली सर्वांत स्वस्त गोळी निवडायची, की झालं.

त्यासाठी ते पुन्हा वाळूच्या पिशवीपाशी बसले. हिरव्या गोळ्या बाद झाल्या होत्या, म्हणून हिरवं घर रिकामं होतं. पण कुठलीही जागा रिकामी सोडणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. ते बिस्किटं संपली तरी डबा टाकत नसत. त्यांनी हिरव्या घरातही निळ्या ठिपक्याच्याच गोळ्या घातल्या. निळ्या तर सर्वांत गुणी निघाल्या होत्या.

झाडून झाल्यावर त्यांनी कागद ओढून आणला. निळ्या घरातल्या निळ्या गोळ्या वर्तुळात घट्ट बसलेल्या. हिरव्या घरातल्या निळ्या गोळ्या चौफेर उधळलेल्या.

मास्तर खाली बसले. चांगली गोळी, पिशवीवर टेकलेला हात, आणि तरीही हे. म्हणजे गोळीचा दोष नव्हताच. लमारचाही नव्हता. मग उरलं कोण? त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. वडिलांचा हात अगदी असाच होता, तीच रुंद बोटं, तोच वाकडा अंगठा. इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं भय आता सगळं एकदम वर आलं आणि मास्तरांना मनापासून रडावंसं वाटलं.

पण रडण्याआधी त्यांच्यातल्या शिक्षकाने एक प्रश्न विचारला. हात थरथरतो, कबूल. पण थरथरणाऱ्या हाताला हिरवं घर कोणतं हे कसं कळतं?

मास्तर ताडकन उठले. त्यांनी रिव्हॉल्वर पूर्ण रिकामं असल्याची खात्री केली, चक्र काढलं आणि एकेका घरात सुटी गोळी टाकून पेन्सिलीने पुढे ढकलली. पाच घरांतून ती अंगठ्याच्या हलक्या दाबाने पलीकडे सरकली. सहाव्या, हिरव्या घराच्या तोंडाशी ती अडकली. पेन्सिल मोडली तरी हलेना. इतर घरांहून केसभर अरुंद होतं ते तोंड, बहुधा कारखान्यातून आलं तेव्हापासूनचं. ओटोची मऊ गोळी तिथे दबून बारीक होई आणि नळीत शिरल्यावर दारूच्या रेट्याने पुन्हा फुगून नळी भरून टाकी. ही कडक मंडळी एकदा दबली की दबलेलीच राहत आणि नळीत खडखडत भलतीकडे जात. ओटोचं लोणी इतकी वर्षं त्या घराचा दोष गुपचूप सांभाळून घेत होतं. आणि मास्तरांनी, आयुष्यभर पोरांना एका वेळी एकच गोष्ट बदलायला शिकवणाऱ्या मास्तरांनी, एकेका गोळीला एकेक घर कायमचं लावून दिलं होतं आणि वर त्याचं सभेत प्रात्यक्षिकही केलं होतं. आठवीच्या वर्गात हे कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

ते तडक लमारच्या दारात गेले.

"काय आहे?" लमारने दार अर्धवट उघडून विचारलं.

"तुझ्या गोळ्या उत्तम आहेत. मी गाढव आहे."

लमारने दार पूर्ण उघडलं. "दुसरं वाक्य पुन्हा म्हण."

मास्तरांनी म्हटलं. लमारने त्यांना आत घेतलं, चक्र दाखवायला लावलं, गोळी स्वतः अडकवून पाहिली आणि मग म्हणाला, "मी तुला म्हणत नव्हतो, रिव्हॉल्वर सोड म्हणून?" त्यानंतर मैत्री पूर्ववत झाली असं समजायला हरकत नव्हती.

शिसं वाचवणं मात्र इतकं सोपं नव्हतं. संमत झालेला ठराव फेरविचाराला आणायचा तर ज्याने बाजूने मत दिलं त्यानेच तो मांडायला हवा, असा क्लबाचा नियम ब्यूलाबाईंनी पर्समधून काढून दाखवला. मास्तरांनी मतच दिलं नव्हतं, लमार तर उठूनच गेला होता, आणि ज्यांनी मत दिलं होतं त्यांना छपराची काळजी होती. अखेर पुढच्या सभेत डेरेल श्नेक उभा राहिला. "मी बाजूने हात वर केला होता," तो म्हणाला. "सरांचा तक्ता मला कळला नव्हता, पण सर छडी घेऊन उभे होते." त्याने ठराव मांडला, लमारने अनुमोदन दिलं, आणि मास्तरांची चूक वृत्तांतात तपशीलवार नोंदली जावी अशी लमारची दुरुस्ती एकमताने संमत झाली. मास्तरांनी त्या दुरुस्तीला मत दिलं. विनयाचा परिणाम त्यांनी एकदा पाहिला होता.

बेअर क्रीकशी सामन्याच्या संध्याकाळी मास्तरांनी हिरवं घर रिकामं सोडलं आणि उरलेली पाच क्लबाच्या फुकटच्या शिशाने भरली. नाहीतरी पाचच बार हवे होते. पाचही गोळ्या काळ्यात गेल्या, आणि पुढच्या पाच, आणि त्यापुढच्याही. सामना तरीही क्लब हरला, कारण ऐन वेळी लमारचीच एक गोळी छताच्या दिशेने गेली. तो मागे वळला तेव्हा मास्तर अगदी सहानुभूतीने म्हणाले, "होतं असं." आंबट कोबी यंदाही क्लिंगर्सबर्गच्याच माथी आला.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर मास्तरांनी तो कागद व्हर्नासमोर पसरला. मधोमध एकच मोठं फाटलेलं भोक होतं. त्यांनी अरुंद तोंड, मऊ गोळी, कडक गोळी हे सगळं पेन्सिलीसह समजावून सांगितलं. व्हर्नाने कागदाकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे दोष रिव्हॉल्वरचा होता," ती म्हणाली.

"त्याच्या एका घराचा."

"तुझ्या हाताचा नव्हता."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "हाताचं काय? हाताचं कोण बोललं?"

"कुणीच नाही. तू नाहीस, मी नाही." तिने कॉफीचं भांडं उचललं. "नोव्हेंबरपासून मी तुझा कप अर्धाच भरते, एल्वूड. भरलेला हातातून हिंदकळला तर तुला कळेल, म्हणून. तुझ्या वडिलांचं तसंच सुरू झालं होतं ना?"

"मला वाटलं, कॉफी महागली," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, चांगली काटकसर करते आहे."

व्हर्ना हसली आणि तिने कप अगदी काठोकाठ भरला. मास्तरांनी तो दोन बोटांत धरून उचलला, थेंबही न सांडता ओठांपाशी नेला, आणि मग त्यांचं लक्ष गेलं की ती हसता हसता रडते आहे. तेव्हा मात्र त्यांचा हात असा काही थरथरला की सगळी कॉफी त्या कागदावर सांडली. दोघांपैकी कुणीही फडकं आणायला उठलं नाही.